सांगणाऱ्याची जागा

जेन ऑस्टिनच्या 'एमा' या कादंबरीत जेन फेअरफॅक्सकडे अचानक एक पियानो येतो. सोबत पाठवणाऱ्याचं नाव नाही. एमा वुडहाऊसला मात्र फारशी शंका उरत नाही. हा उद्योग मिस्टर डिक्सनचा, जेनच्या मैत्रिणीच्या नवऱ्याचा. म्हणजे त्या दोघांत काहीतरी शिजलेलं असणार. फ्रँक चर्चिल नावाचा देखणा, गोडबोल्या तरुण तिच्या तर्काला दुजोरा देतो आणि कादंबरी पहिल्यांदा वाचणारा वाचकही मान डोलावतो. खरं तर पियानो फ्रँकनेच धाडलेला असतो. केस कापायला म्हणून तो मध्येच लंडनला जाऊन आला, त्यावरून लोकांनी त्याला नावंही ठेवली. काम पियानोचं होतं. जेनशी त्याचं लग्न केव्हाच गुपचूप ठरलेलं आहे.

गुपित फुटल्यावर मागची पानं पुन्हा वाचावीत. निवेदनात खोटं विधान सापडत नाही. एमाच्या डोक्यातली वाक्यं निवेदिकेने स्वतःच्या आवाजात, अवतरणचिन्हं न घालता, 'असं एमाला वाटलं' एवढंही न जोडता आपल्यापुढे ठेवलेली असतात आणि आपण ती पक्की बातमी समजून घेतलेली असते. आणखी गंमत मिस बेट्सची. ही गावातली गरीब, प्रौढ, अखंड बडबडणारी बाई. तिच्या पानपानभर चालणाऱ्या बोलण्यात जवळजवळ सगळे धागेदोरे पडलेले आहेत. आईच्या चष्म्याचा निखळलेला खिळा फ्रँकने किती आपुलकीने बसवून दिला, हे ती सांगत राहते. तो त्या घरात जेनसाठी घुटमळतो हे त्यातून कुणालाही कळावं. पण एमाला मिस बेट्सचा कंटाळा येतो, म्हणून आपणही तिचं बोलणं ओलांडून पुढे जातो. बॉक्स हिलच्या सहलीत एमा तिचा सगळ्यांसमोर अपमान करते तेव्हा आपल्याला जे टोचतं ते म्हणूनच टोचतं. तिचं न ऐकण्यात आपणही सामील होतो.

मुक्त अप्रत्यक्ष शैली हे या तंत्राचं पुस्तकी नाव. आपल्या कानाला ते चटकन जाणवत नाही, कारण व्याकरणाची ठेवणच वेगळी आहे. 'नानांनी घड्याळ पाहिलं. साडेनऊ. या पोरीला वेळेचं भान कधी येणार?' असं मराठीत लिहिलं की तिसरं वाक्य नानांच्या मनातलं, हे उघडच असतं. इंग्रजीत त्याच वाक्याचा काळ भूतकाळात सरकतो आणि पुरुष तृतीय राहतो. व्याकरण निवेदकाचं आणि सूर पात्राचा, अशी दोन माणसं एकाच वाक्यात दाटीवाटीने राहतात. उपरोध नेमका त्या फटीतून येतो.

बी.ए.ला इंग्रजी घेतलेल्या आपल्याकडच्या मुलांना हा विषय यादीच्या रूपात भेटतो. उपमा, रूपक, उपरोध, पूर्वसूचना, फ्लॅशबॅक, सर्वज्ञ निवेदक. व्याख्या द्या, उदाहरण द्या. उत्तर बरोबर येतं, पुस्तक बंदच राहतं. इंग्लंडात गेल्या तीनशे वर्षांत कथा सांगण्याचे जे प्रयोग झाले त्यांच्या मुळाशी एकच भांडण दिसतं. सांगणाऱ्याने पात्राच्या किती जवळ उभं राहावं, आणि जवळ गेल्यावर पात्रापेक्षा जास्त कळण्याचा हक्क सोडावा की राखावा? माझ्या मते आजच्या इंग्रजी कादंबरीने तो हक्क फार स्वस्तात सोडून दिला आहे.

सुरुवातीला जवळिकीचाच पुकारा होता. १७१९ साली 'रॉबिन्सन क्रूसो' छापून आली तेव्हा मुखपृष्ठावर डॅनियल डीफोचं नाव नव्हतं. हकीकत क्रूसोने स्वतः लिहिली, असा दावा होता. सॅम्युअल रिचर्डसनने 'पामेला' (१७४०) आणि 'क्लॅरिसा' (१७४७-४८) या कादंबऱ्या पत्रांतून लिहिल्या. प्रसंग चालू असतानाच पात्र लेखणी उचलतं, शाई वाळायच्या आत पुढचं संकट दारात. 'क्लॅरिसा'त एक भयंकर युक्ती आहे. नायिकेच्या मैत्रिणीचं पत्र खलनायक लव्हलेसच्या हाती लागतं आणि ज्या ज्या ओळींचा सूड घ्यायचा त्यांच्यापुढे तो समासात बोट रोखलेल्या हाताच्या खुणा करतो. त्या खुणा पुस्तकात तशाच छापल्या आहेत. दोन बायकांचं खाजगी बोलणं आपण वाचत होतो, आणि आता कळतं की आपल्यासारखंच आणखी कुणीतरी वाचत होतं.

हेन्री फील्डिंगला हा घामाघूम जवळपणा सोसवला नाही. 'टॉम जोन्स' (१७४९) मध्ये तो ऐसपैस बसून बोलतो, पहिल्याच प्रकरणात स्वतःला खानावळीचा मालक म्हणवून पदार्थांची यादी वाचून दाखवतो, अठराही भागांच्या आरंभी वाचकाशी गप्पा मारतो. दहा वर्षांनी लॉरेन्स स्टर्नने 'ट्रिस्ट्रम शँडी' सुरू केली, त्यात एक पान नुसतं काळं छापलं, एक कोरं सोडलं. पुढच्या काळात जे जे 'प्रायोगिक' म्हणून मिरवलं गेलं त्यातलं बरंच त्याने आधीच उरकून ठेवलं होतं. ऑस्टिनचा मोठेपणा असा की तिने रिचर्डसनचा कान आणि फील्डिंगची जीभ एका वाक्यात बसवली. तिच्या घरच्यांच्या आठवणीनुसार 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'चा पहिला खर्डा पत्ररूपच होता. पत्रं टाकून देऊन ती निवेदनाकडे वळली.

या मिश्रणाला सर्वांत जास्त ताण दिला तो जॉर्ज इलियटने. 'मिडलमार्च' (१८७१-७२) च्या एकोणतिसाव्या प्रकरणात निवेदिका डोरोथियाबद्दल बोलायला लागते, आणि वाक्य मध्येच तोडून स्वतःलाच अडवते: दर वेळी डोरोथियाच का? मग ती तिच्या नवऱ्याकडे, त्या सुकलेल्या, अहंकारी, आयुष्यभर एकच पुस्तक लिहीत बसलेल्या पंडित कसोबनकडे वळते. तोवर आपण त्याला खुशाल हसलेलो असतो. आता त्याच्या आत काय चाललंय ते दाखवलं जातं: त्याचीही भीती, त्याचीही भूक. प्रथमपुरुषी निवेदनाला हे साधणं अवघड आहे, कारण डोरोथियाला तेव्हा हे ठाऊक नाही आणि कसोबन ते कुणापाशी कबूल करणार नाही. त्याआधी दोनच प्रकरणं निवेदिका आरशावरच्या ओरखड्यांचा दृष्टान्त देते. ओरखडे सगळ्या दिशांना पसरलेले असतात. जवळ मेणबत्ती धरली की ते तिच्याभोवती वर्तुळात मांडल्यासारखे दिसतात. प्रत्येकाचा अहंकार ही ती मेणबत्ती. 'दर वेळी तीच का' हा प्रश्न विचारणं म्हणजे मेणबत्ती उचलून दुसरीकडे धरणं. सर्वज्ञ निवेदकावर देवपणाचा आव आणल्याचा आरोप नेहमी होतो. इलियटकडे त्या सर्वज्ञतेचं काम न्याय करण्याचं आहे, आणि तो न्याय वाचकाला सोयीचा नसतो.

त्याच काळात दुसरे मार्गही चालू होते. 'वदरिंग हाइट्स' (१८४७) ची गोष्ट मोलकरीण नेली डीन भाडेकरू लॉकवुडला सांगते. दोघांच्याही शहाणपणावर विसंबावं असं वाटत नाही. चार्ल्स डिकन्सच्या 'ब्लीक हाउस' (१८५२-५३) मध्ये दोन निवेदनं आलटून पालटून येतात: एक अनाम, तृतीयपुरुषी, वर्तमानकाळात, लंडनच्या धुक्यावरून आणि न्यायालयावरून फिरणारं, दुसरं एस्थर समर्सनचं, भूतकाळातलं, संकोची. वर्तमानकाळी निवेदन हा आजचा शोध समजणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी. दोन्हींतला फरक हाच तिथे अर्थ आहे. एस्थरला जे कळत नाही ते दुसऱ्या आवाजाला कळतं. एस्थरला ज्याची माया वाटते त्याची त्या आवाजाला फिकीर नसते.

विल्की कॉलिन्सच्या 'द मूनस्टोन' (१८६८) कडे रहस्यकथा म्हणून पाहिलं जातं, पण निवेदनाची इतकी नेटकी रचना त्या शतकात थोडी सापडेल. सोमनाथच्या चंद्रदेवाच्या मूर्तीतला हिरा, १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लुटीतून इंग्लंडला पोचलेला, एका रात्री नाहीसा होतो. मग प्रत्येकाला आपल्याला माहीत असेल तेवढंच लिहायला सांगितलं जातं. म्हातारा कारभारी बेटरेज, घराघरांत धर्माची पत्रकं दडवून ठेवणारी मिस क्लॅक, वकील, डॉक्टरचा मदतनीस: प्रत्येकाची साक्ष, आणि प्रत्येकाच्या साक्षीत नकळत त्याचंच चित्र. हिरा नेणाऱ्याचा छडा लागतो तेव्हा कळतं की आपली कृती त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हती. शेवट काठियावाडात होतो, हिरा सोमनाथला परततो. ज्यांचा तो हिरा, त्या ब्राह्मणांना मात्र एवढ्या साक्षींत स्वतःच्या साक्षीचं एकही प्रकरण नाही. इतक्या माणसांना बोलू देणारी रचना कुणाला बोलू देत नाही, हेही तंत्रच सांगून जातं.

मग नियमांचं युग आलं. हेन्री जेम्सने 'व्हॉट मेझी न्यू' (१८९७) मध्ये घटस्फोटित आईबापांच्या भांडणात सापडलेल्या मुलीच्या नजरेपुरतीच सारी कादंबरी ठेवली. तिला दिसतं खूप, समजतं थोडं. स्वतः जेम्सने यातून कायदा केला नव्हता. तो केला त्याच्या अनुयायाने. पर्सी लबकच्या 'द क्राफ्ट ऑफ फिक्शन' (१९२१) नंतर 'दाखवा, सांगू नका' आणि 'एकाच दृष्टिकोनाला धरून राहा' या गोष्टी सदाचारासारख्या शिकवल्या जाऊ लागल्या. ई. एम. फॉर्स्टरने १९२७ च्या 'अॅस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल'मध्ये हसत हसत विरोध केला. 'ब्लीक हाउस'चाच दाखला देऊन तो म्हणाला की डिकन्स दृष्टिकोन हवा तसा बदलतो आणि वाचक तक्रार करत नाही. लेखकाने वाचकाला पटवलं की झालं. लेखनाच्या कार्यशाळांत आजही लबकचीच सरशी दिसते. नियम शिकवता येतो, फॉर्स्टरची मोकळीक शिकवता येत नाही.

व्हर्जिनिया वूल्फवर 'संज्ञाप्रवाह' हा शिक्का इतका घट्ट बसला आहे की ती प्रत्यक्षात काय करते ते बघायचं राहून जातं. ही संज्ञा साहित्याला लावली मे सिंक्लेअरने, १९१८ साली, आणि तीही डोरोथी रिचर्डसनच्या कादंबऱ्यांबद्दल. जेम्स जॉइसच्या 'युलिसिस' (१९२२) मधलं मॉली ब्लूमचं शेवटचं, जवळजवळ विरामचिन्हांवाचूनचं प्रकरण त्या शिक्क्याला साजेसं आहे. वूल्फचं तसं नाही. 'मिसेस डॅलोवे' (१९२५) मध्ये लंडनच्या आकाशात एक विमान धुराने जाहिरातीची अक्षरं काढतं. रस्त्यावरचे लोक मान वर करून ती जुळवतात, आणि युद्धातून खचून परतलेल्या सेप्टिमसला तो आपल्यासाठीच आलेला संदेश वाटतो. निवेदन त्या विमानाच्या आधाराने एका मनातून दुसऱ्या मनात उतरत जातं. त्या रस्त्यावर एकही माणूस असा नाही की ज्याला हे सगळं एकत्र माहीत असावं. म्हणजे कुणीतरी सर्वज्ञ आहेच, फक्त त्याने चेहरा पुसून टाकला आहे. आणि 'टू द लाइटहाउस' (१९२७) च्या मधल्या भागात घर ओस पडतं, दहा वर्षं सरतात, आणि जिच्याभोवती सगळी कादंबरी फिरत होती त्या मिसेस रॅम्झीच्या मृत्यूची बातमी चौकटी कंसात, जाता जाता येते. इतक्या आत शिरलेली लेखिका एका कंसात इतकी दूर जाऊ शकते! आपल्याकडे बा. सी. मर्ढेकरांनी 'रात्रीचा दिवस' (१९४२) मध्ये हा प्रवाह मराठीत आणून पाहिला. त्यांनी जॉइसची वाट जास्त जवळची मानली, वूल्फची कमी, असं माझं मत.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळाने लाडावून ठेवलेला प्रकार म्हणजे अविश्वसनीय निवेदक. नाव दिलं अमेरिकन समीक्षक वेन बूथने, १९६१ मध्ये. माल जुनाच होता. अगाथा ख्रिस्तीने १९२६ मध्ये रॉजर अॅक्रॉइडच्या खुनाच्या कादंबरीत त्याचा असा वापर केला की वाचक अजूनही भांडतात. (ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी गप्प बसतो, 'एमा'चा विरस केला तेवढा पुरे.) पण या तंत्राचा खरा कस कझुओ इशिगुरोच्या 'द रिमेन्स ऑफ द डे' (१९८९) मध्ये लागतो. बटलर स्टीव्हन्स १९२३ च्या एका परिषदेची आठवण सांगतोय. वरच्या मजल्यावर त्याचा बाप मरतो आहे, खाली तो पाहुण्यांना मद्य देतो आहे. आपल्याला काय वाटलं याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. मग एक तरुण पाहुणा त्याला विचारतो, बरं आहे ना. आणि थोड्या वेळाने मालक म्हणतात, तुम्ही रडताय की काय. ते अश्रू निवेदनात नाहीतच, दुसऱ्याच्या प्रश्नातून ते आपल्यापर्यंत पोचतात. प्रथमपुरुषात बांधलेला लेखक स्वतःच्या निवेदकाच्या बाहेर कसा उभा राहतो, याचा यापेक्षा चांगला धडा मला ठाऊक नाही.

सलमान रश्दींच्या 'मिडनाइट्स चिल्ड्रेन' (१९८१) मधला सलीम सिनाई मात्र लपत नाही, मिरवतो. मुंबईत १५ ऑगस्टच्या मध्यरात्री जन्मलेला हा गृहस्थ देशाच्या इतिहासाचं श्रेय आणि खापर स्वतःकडे घेतो. सायकलवरून घसरत तो संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात घुसतो, मोर्चेकऱ्यांच्या आग्रहावरून गुजरातीतलं एक बडबडगीत म्हणतो, त्यातून दंगल पेटते आणि म्हणे द्विभाषिक मुंबई राज्य फुटतं. हुतात्मा चौकावरून रोज जाणाऱ्या मराठी वाचकाला हे वाचून हसू येतं, मग जरा रागही येतो, आणि दोन्ही लेखकाला हवेच आहेत. गांधीजींच्या हत्येची तारीख सलीम चुकवतो आणि चूक कळल्यावरही दुरुस्त करत नाही. पुस्तकातल्या काही चुका आधी नकळत झाल्या, मग त्या मुद्दाम राखल्या आणि वाढवल्या, असं रश्दींनी पुढे एका निबंधात सांगितलं. आठवण आणि इतिहास यांची ही झोंबाझोंबी सलीमच्या आवाजाशिवाय लिहिता आली नसती.

त्यानंतरच्या अनुकरणांबद्दल मात्र मला फारशी आस्था उरलेली नाही. निवेदक काहीतरी लपवतोय, शेवटच्या पन्नास पानांत तो पत्ता उघडा करेल, हे आता विमानतळावरच्या पुस्तकांतही ठरून गेलं आहे. इयन मॅक्यूअनची 'अटोन्मेंट' (२००१) या जातीतली असूनही टिकते, कारण तिथे शेवटचा उलगडा म्हणजे एका लेखिकेची आयुष्यभराची फसवणूक आहे आणि तिला ती फसवणूक परवडलेली नाही. इतरत्र बहुधा युक्तीच उरते.

आजच्या कादंबरीची नेहमीची चाल आता दुसरीच आहे: वर्तमानकाळ, एकाच पात्राला चिकटलेली नजर, भाष्याला बंदी. २०१० च्या बुकर यादीच्या निमित्ताने फिलिप पुलमनने या वर्तमानकाळावर जाहीर टीका केली. थोडं मागे सरकून काळाचा जास्त मोठा पट दाखवा, असं त्याचं मागणं होतं. तेव्हा ती कुरकुर वाटली. पण तिच्यात तथ्य होतं. वर्तमानकाळात पूर्वसूचनेला फारशी जागा राहत नाही. म्युरिअल स्पार्क 'द प्राइम ऑफ मिस जीन ब्रॉडी' (१९६१) मध्ये शाळकरी मेरी मॅग्रेगरची ओळख करून देतानाच सांगून टाकते की ही पुढे हॉटेलच्या आगीत मरणार आहे, आणि त्यानंतर वर्गात मेरीवर ओढलेला प्रत्येक ताशेरा आपल्याला वेगळा ऐकू येतो. हे करायला सांगणाऱ्याला पुढचं माहीत असावं लागतं आणि ते माहीत असल्याची लाज वाटून चालत नाही.

हिलरी मँटेलकडे अपवाद म्हणून बोट दाखवलं जातं, ते रास्तच आहे. 'वुल्फ हॉल' (२००९) वर्तमानकाळात आहे, थॉमस क्रॉमवेलला चिकटून आहे, इतकी की नुसतं 'तो' म्हटलं की क्रॉमवेल समजायचं. वाचक अडखळू लागले म्हणून पुढच्या भागात तिने 'तो, क्रॉमवेल' अशी सोय जास्त वेळा केली. पण हा क्रॉमवेल १५४० मध्ये शिरच्छेदाने मेला हे वाचकाला पहिल्या पानापासून माहीत आहे. पूर्वसूचना इतिहासानेच देऊन ठेवली आहे, तेव्हा मँटेलला ती द्यायची गरज नाही. तिची शैली उचलून आजच्या प्रेमभंगावर लिहिणाऱ्यांना ही मिळकत नसते.

इकडे काही जण अंतर परत मिळवू पाहत आहेत. रेचल कस्कने 'आउटलाइन' (२०१४) मध्ये निवेदिकेला जवळजवळ गप्पच केलं. इतर बोलतात, तिचा आकार त्यांच्या बोलण्याच्या कडांवरून समजतो. बर्नार्डिन एव्हरिस्टोने 'गर्ल, वुमन, अदर' (२०१९) मध्ये पूर्णविराम जवळजवळ काढून टाकून बारा पात्रांच्या आयुष्यांत ये-जा करणारा एक खेळकर आवाज घडवला, आणि त्या आवाजाला त्यांची थट्टा करायचीही मुभा दिली. मला तो या दशकांतला सर्वांत हुशार निवेदक वाटतो. सामंथा हार्वीची 'ऑर्बिटल', २०२४ च्या बुकरची मानकरी, तर थेट अवकाश स्थानकातून पृथ्वीकडे पाहते. सहा अंतराळवीर, एक दिवस, सोळा प्रदक्षिणा. वर्तमानकाळच, पण सगळ्यांच्या मनात शिरणारा निवेदक परत आलेला. वाक्यं देखणी आहेत. अडचण एवढीच की त्या सहा जणांत कुणी कुणाला चुकीचं वाचत नाही. सगळ्यांना तीच पृथ्वी तशीच सुंदर दिसते, आणि मग सगळं पाहू शकणाऱ्या त्या निवेदकाला पात्रांपेक्षा वेगळं असं काही पाहण्याजोगं उरत नाही.